ज्याची बातमी, त्याला आधी

किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर येतात. आमच्या साप्ताहिकात मी अकरा वर्षं आहे. जे छापलं त्यात कधीच भजी बांधून गेली. जे छापलं नाही ते माझ्याकडे शिल्लक आहे.

आत्ता सांगायला बसले त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमचे संपादक शांतवन सर यांचं नाव एका व्हिडिओने पेणपासून रोह्यापर्यंत खराब केलं. तेव्हापासून एसटीत, बाजारात, अगदी हळदीकुंकवालासुद्धा बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "अगं, तुमचे ते सर खरंच तसे आहेत?" मला वाद घालता येत नाही. मी पटकन तापते आणि भलतंच बोलून बसते. म्हणून मी किस्से सांगते. सर कसे आहेत ते तुम्हीच ठरवा.

ऑफिस म्हणजे पेणला झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली आणि तीन माणसं. शांतवन सर मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आधी शाळेत मराठी शिकवायचे. रविवारी बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, स्कूटरवर मागे बसवून रोह्याला प्रार्थनेला जाणार म्हणजे जाणार. दुसरा मनोज, रामवाडीचा. तो पानं लावतो आणि त्याच्या पक्षाबद्दल अर्धा शब्द ऐकून घेत नाही. तिसरी मी, निडी गावची. मनोज ज्यांना मत देतो त्यांना सोडून मी कोणालाही देते.

*

माझी पहिली बातमी एका गावातल्या पाण्याच्या टाकीची होती. टाकी वर्षभर कोरडी आणि सरपंचबाई निवांत! मी त्यांना असं झोडलं होतं की वाचताना माझी मलाच मजा येत होती.

सर म्हणाले, "छान. वाचून दाखवलंत?"

"कोणाला?"

"सरपंचांना. ज्याची बातमी त्याला आधी. फोन लावा आणि पहिल्या शब्दापासून वाचा. मधलं काही गाळू नका."

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते फोनकडे बघत बसून राहिले. लावला बाई. सरपंचबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिवलंस चांगलं गो. टाकी कंच्या रंगाची हाय?"

मी वहीची पानं उलटायला लागले.

"आमच्या गावात आलीवतीस कवा?"

गेलेच नव्हते! दुसऱ्या दिवशी गेले. टाकी कोरडीच होती, बातमी छापूनही आली. पण माझी निम्मी विशेषणं त्या वाटेवरच गळून पडली.

*

हा नियम आमच्याकडे सगळ्यांना लागू. खांब गावाच्या बाजूचे एक पुढारी आहेत, आपण तात्या म्हणू. एकाच रस्त्याचं भूमिपूजन त्यांनी तिसऱ्यांदा केलं. सरांनी स्वतः बातमी लिहिली आणि स्वतःच फोन लावला. मथळ्यापासून सुरुवात: "त्याच रस्त्याला तिसरा नारळ."

आता शिव्या येणार म्हणून मनोजने स्पीकर चालू केला. पलीकडे तात्या हिशेब करत होते.

"थांबा, थांबा. तिसरा नाय, सर. चौथा! गेल्या शिमग्याच्या आधीचा एक तुम्ही इसरलाव."

"खात्री आहे?"

"मीच फोडला ना!"

आम्ही छापलं: 'त्याच रस्त्याला चौथा नारळ'. खाली बारीक अक्षरांत, 'खुद्द तात्यांनी दिलेल्या माहितीनुसार'.

*

एकदा मी चिडून विचारलं होतं, "सर, जगात कुठला पेपर असं करतो? कशाला हा उपद्व्याप?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "एक दिवस वरती माझं सगळं वाचून दाखवणार आहेत. त्याच्या आदल्या दिवशी मला कोणी फोन केला तर किती बरं वाटेल, एवढाच विचार करतो."

मनोज म्हणाला, "वरती रेंज येते का ते आधी बघा!"

*

नियम एकदाच मोडला आणि तो माझ्यामुळे.

पेणमध्ये गणपतीचे कारखाने किती, ते तुम्हाला सांगायला नको. एक कारखानदार शाडूच्या म्हणून प्लास्टरच्या मूर्ती विकतो, अशी बातमी मला मिळाली. फोन लागेना, अंक निघायची वेळ झालेली. मी सरांना म्हटलं, बातमी पक्की आहे, जाऊ दे. सरांनी जाऊ दिली. ती चुकीची निघाली! भानगड शेजारच्या कारखान्याची होती. हा बिचारा तीस वर्षं शाडूशिवाय कशाला हात न लावणारा माणूस, आणि गिऱ्हाईक यायच्या ऐन हंगामात आम्ही त्याला बुडवायला निघालो होतो.

पुढच्या अंकात सरांनी माफी छापली. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात. मला वाटलं, संपलं. छे! सर दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं येत होती, आणि हे उठून प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "मूर्ती अस्सल शाडूच्या आहेत. आम्ही चुकीचं छापलं होतं."

एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही मालक का?"

"नाही. खोटं छापणारा मी."

चार दिवस बसले. पाचव्या दिवशी कारखानदाराची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "सर, तुमी आता घरी जावा. माफी पोचली. तुमाला बघून गिऱ्हाईक मूर्ती ठेवून तुमच्याशीच गप्पा मारीत बसतंय!"

सर एका शब्दाने मला बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. चारही दिवस मी ऑफिसात नुसती रडत होते.

*

मनोजचं आणि शेजाऱ्याचं गटारावरून भांडण आहे, बरीच वर्षं. एक दिवस तो घुश्शातच ऑफिसात आला.

"सर, तुमचा देव सगळ्यांना माफ करतो म्हणे?"

"हो."

"माझ्या शेजाऱ्याला पण?"

"त्यालाही."

"मग ऱ्हाव दे. आपल्याला नाय चालायचा!"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "मनोज, माझीही देवाकडे तीच तक्रार आहे."

*

निवडणुकीच्या आधी सर स्वतःचं मत नाव घालून छापतात आणि शेजारी तेवढीच जागा विरोधी मताला ठेवतात. एका वर्षी विरोधात लिहायला कोणीच मिळेना. सर मला म्हणाले, "मी कुठे चुकतोय ते तुम्ही लिहा. हातचं राखू नका."

मी कसली राखते! सरांच्या एकेका वाक्याची सालं काढली. नियमाप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं. सर मान डोलवत ऐकत होते, दोन ठिकाणी त्यांनीच माझा मुद्दा आणखी धारदार करून दिला. शेवटी म्हणाले, "पटलं. तुमचंच बरोबर आहे."

"मग आता मत कोणाला देणार?"

"ते मी ठरवलंय त्यालाच. पटलं म्हणून काय झालं, हट्टी आहे मी!"

*

आता तो व्हिडिओ.

पेणच्या खाडीकडे मिठागरांवर काम करणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी घराघरांत शिरलं. सर बातमीला गेले तेव्हा त्यांना हिराबाय दिसली. सत्तरीची म्हातारी, जन्मभर मिठात उभी राहिलेली. तिला साखरेचा आजार, आणि पायाला जखम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज धुऊन पट्टी झाली तर पाय वाचेल, नाही तर कापावा लागेल. तिच्या घरी दुसरं कोणी नाही.

सरांच्या बाई निवृत्त नर्स आहेत. दुसऱ्या दिवसापासून दोघं स्कूटरवरून जायला लागली. पाय सर धुवायचे, पट्टी बाई बांधायच्या. एकवीस दिवस एकही खाडा नाही. जखम भरत आली होती. ह्यातलं एक अक्षर सरांनी आम्हाला छापू दिलं नाही.

छापलं विकीने. म्हणजे दाखवलं. विकीचं यूट्यूब चॅनेल आहे. त्याने लांबून सरांचं शूटिंग केलं, खाली ढणाढणा संगीत लावलं आणि म्हणाला, गरिबांच्या घरात शिरून हे लोक धर्म बदलायला लावतायत. दोन दिवसांत घराघरांत पोचलं! वर्गणीदारांनी अंक परत पाठवले. गावातल्या चार जाणत्या माणसांनी सरांना वेशीवरच थांबवलं. "मास्तर, राग मानू नका. काय दिवस येऊ नका."

मी तर पेटलेच होते. मनोज माझ्याहून जास्त. विकी त्याच्याच पक्षाचा, पण मनोजने फोन करून त्याला असा धुतला की ती भाषा मी इथे लिहू शकत नाही. सरांनी मनोजच्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे विचारलं, "विकी, मला आधी एकदा विचारायचंस ना."

विकी म्हणाला, "सर, तुम्ही बातम्या देता. मी व्हिडिओ करतो. त्याच्यात कुठं विचारायचं असतंय!"

सरांना पेपरची चिंता नव्हती. त्यांना एकच काळजी. सकाळी आल्या आल्या मनोजला विचारायचे, "पायाचं काही कळलं?" पाचव्या दिवशी कळलं, जखमेला परत वास येतोय. त्या दिवशी सरांचा डबा तसाच घरी गेला.

*

आठव्या दिवशी विकी दुसरा भाग करायला त्या गावात गेला. ह्या वेळी लाईव्ह! आम्ही मनोजच्या मोबाइलवर बघत होतो. सर पलीकडे प्रूफ वाचत बसले होते, मान वर केली नाही.

हिराबाय दारात बसली होती. पायाला जुनं फडकं गुंडाळलेलं. भोवती अख्खं गाव. विकीने माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"आजी, घाबरू नका. हे लोक पट्टी करायला यायचे, तेव्हा देवाचं काय बोलायचे?"

"बोलायचं तं."

विकी कॅमेऱ्याकडे वळला. "ऐका मंडळी, ऐका! आजी, रोज बोलायचे?"

"रोज. पाय हातात घेतला का बोलायचं."

मनोजने कपाळाला हात लावला.

"सगळ्यांना सांगा आजी, मोठ्याने सांगा. काय बोलायचे?"

हिराबायने आधी विकीकडे बघितलं, मग भोवतीच्या माणसांकडे. कोणी खाली बघत होतं, कोणी लांब खाडीकडे.

"'आये, दुखतंय का?' असं बोलायचं."

विकीचा माईक तसाच धरलेला, लाईव्ह चालूच. तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा आवाज आला, "अगो, बघत काय ऱ्हायल्याव? लावा गो कोनीतरी फोन मास्तरांना!"

आणि इकडे, पेणला, सरांच्या टेबलावरचा फोन वाजला.