चिंचेनं घासलेलं जहाज

धनतेरसेला बायको चिंचेनं समया घासायला बसली की तो आंबट वास घरभर पसरतो आणि मला तीस वर्षांपूर्वीचा मी आठवतो. काय दीडशहाणा माणूस होता!

समुद्रपुरात अमेरिकेची जुनी स्मारक नाणी जमवणारा मी एकटाच. गिरडच्या दर्ग्याला निघालेले पाहुणे घरी थांबले, की चहाआधी त्यांच्यापुढे शिडाचं जहाज कोरलेला चांदीचा अर्धा डॉलर यायचा, तोही हातरुमालात धरून. शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक हेच त्याचं मोल, हे वर ऐकवायचो.

त्या धनतेरसेला बायकोनं ते नाणं चिंच-राखेनं लख्ख घासून पूजेच्या पाटावर ठेवलं. मी शेजाऱ्यांदेखत ओरडलो, "अडाणी! अक्कल हाये का तुले?"

ओले हात पदराला पुसत ती म्हणाली, "लक्ष्मीपुढं काळं कसं ठेवू? त्याले घासाचं नसते, हे तुमी साऱ्या गावाले सांगतलं. मले कधी सांगतलं का?"

आता दर धनतेरसेला मीच ते नाणं घासायला तिच्या हाती देतो. एखादा जाणकार पाहून नाक मुरडतो, तेव्हा त्याच्या जागी मला माझंच जुनं तोंड दिसतं, आणि एक ठेवून द्यावीशी वाटते.