मातेच्या जमिनीला नाव नाही

सुरताराम रायका आयुष्यात एकदाच चारचौघांत बोलायला उठला आणि गावाला गाळात घालून बसला.

चाळीस वर्षांपूर्वी जैसलमेरहून मोजणीचा पटवारी आला, तेव्हा तो तिशीतला, साठ उंटिणींचा धनी. देवीचं ओरण कुणाच्या नावावर लिहू, असं पटवाऱ्यानं विचारलं. मातेनं राखलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालत नसे, वाळकी काडीही कुणी घरी नेत नसे. आत जाताना जोडे बाहेर. सुरताराम तावातावानं उठला.

"मातेची जमीन माणसाच्या नावावर? जीभ झडेल साहेब! कुणाचंच नाव लिहू नका."

गावानं माना डोलावल्या. पटवारी ताक प्याला आणि त्यानं लिहिलं, 'पडीक, सरकारी.'

गेल्या वर्षी ते पडीक रान उन्हावर वीज करणाऱ्या कंपनीला मिळालं. सुरतारामनं तहसील कचेरीत खेटे घातले. तिथला अधिकारी माणूस बरा होता.

"बाबा, एखादा तरी कागद आणा."

"कैक पिढ्या राखलंय, साहेब."

"पण लिहिलंय कुठे?"

लिहू कुणी दिलं नाही, हे सांगायची सुरतारामला लाज वाटली. तो उठून घरी आला.

खेजडीची झाडं तुटली, ओरणातलं तळं कुंपणाच्या आत गेलं. चारा नाही म्हणून उंटिणी विकल्या, एकटी लाखी उरली. कंपनीनं फाटकावर राखणदाराचं काम देऊ केलं, तेव्हा बायको धापू म्हणाली, "घ्या मुकाट्यानं. निदान आपलं माणूस मातेपाशी राहील."

तो राहिला. वीज गावावरून उंच तारांतून दूर निघून जायची. हा रोज कंपनीचे बूट फाटकाबाहेर काढून अनवाणी आत शिरायचा. मुकादम वैतागला.

"ओ बाबा, आत करंट आहे! मेलात तर नोकरी माझी जाईल. उद्यापासून बूट नाहीतर घर."

"आत माता आहे, भाऊ."

"कुठाय? दाखवा की!"

सुरतारामनं आत पाहिलं. टेकाडापर्यंत काळ्या काचाच काचा होत्या. त्याला काहीच दाखवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाखी सवयीनं पाण्यावर आली आणि फाटकाला मान घासू लागली. आत तळ्याचं पाणी काचा धुवायला चाललं होतं.

"हाकला तिला!" मुकादम ओरडला.

सुरताराम आतून बाहेर आला. त्याच्या पायात बूट होते. त्यानं लाखीवर काठी उगारली.