दमेत्केनची लेक

कझाकस्तानात तांब्याच्या कारखान्यामागे राहणाऱ्या दमेत्केनला मुलगी झाली. तिचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. त्या वर्षी गल्लीतलं असं हे तिसरं बाळ. बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी कारखान्याचा साहेब भेटवस्तू घेऊन आला. सासू घाईने बाळाच्या तोंडावर दुपटं ओढू लागली, तसा दमेत्केनने तिचा हात धरला.

"राहू द्या, आई. बघू दे त्यांना."

"हे रक्तातूनच येतं, पोरी," साहेब पुटपुटला.

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं. नऊ महिने तुमचा धूर गिळलाय मी. ही भेट न्या परत आणि धुरांड्याला फिल्टर बसवा."

दुसऱ्या दिवशी तिघी आया बाळांची तोंडं न झाकता कारखान्याच्या फाटकासमोर काळ्या बर्फात बसल्या. दुपारी सासू चहा घेऊन आली.

"सरक जरा," ती सुनेला म्हणाली, "मलाही बसायचंय."