दुपारच्या खेळाचं पोस्टर

माझी आत्या सिनेमाची पोस्टरं करायची. सगळ्या सिनेमांची नाही. मारामाऱ्या, भुतंखेतं, राजेरजवाडे ही कामं तिच्या कचेरीत इतरांकडे जात. प्रेमात पडून गोंधळ घालणाऱ्या माणसांचा हलकाफुलका सिनेमा आला, की तो मात्र थेट आत्याच्या टेबलावर. कचेरीत तिला ‘मध्यस्थ’ म्हणत. तिने स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी त्यावरून छेडलंच तर म्हणायची, “दिवसभर लोकांची जमवून देते मी. घरी येऊन परत तेच कोण करणार?”

मी बँकेत नोकरीला होते आणि तिच्याच घरी राहत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिची कच्ची पोस्टरं टाचलेली असत. पोळी लाटता लाटता ती त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघायची आणि तव्यावरची पोळी जळायची.

मला ती सगळी सारखीच दिसायची. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, लाल ठसठशीत अक्षरं, तो आणि ती पाठीला पाठ लावून उभे. त्याचा चेहरा बावळट, तिच्या हाताची घडी. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

“सारखीच असायला हवीत,” आत्या म्हणाली. “रस्त्यावरून दमलेलं माणूस चाललेलं असतं. त्याला लांबूनच कळलं पाहिजे, की इथे आपल्याला कुणी रडवणार नाही. पांढऱ्यावर कुणी मरत नसतं. भांडतील, रुसतील, पण शेवटी जमेल.”

“मग बघायचं काय उरलं?”

“कसं जमतं ते.” तिने पोस्टरातल्या बाईवर लाटणं रोखलं. “आणि हिला बघ, पाऊलभर पुढे ठेवलीय. कुठल्या सिनेमाला जायचं हे बाई ठरवते, पुरुष मागून येतो. बघणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, ही माझ्यासारखीच आहे, फक्त हिचे केस बरे आहेत.”

मग एक असा सिनेमा आला, की आत्याची नेहमीची युक्ती चालेना. त्यातले नायक-नायिका दोघंही सत्तरीचे होते. एकाच इमारतीत वर-खाली राहणारे, जिन्यावरून भांडता भांडता प्रेमात पडणारे. कचेरीचे मालक भले गृहस्थ होते, पण धास्तावले होते. त्यांचं म्हणणं, सिनेमात नायिकेची नात आणि तिचा मित्र आहे, त्या दोघांनाच पोस्टरवर घेऊ; तरुण पोरं येतील.

“येतील आणि फसवलं म्हणून उठून जातील,” आत्या म्हणाली. “ज्यांच्यासाठी सिनेमा काढलाय त्यांना बोलवू या की.”

“ती माणसं थिएटरात येत नाहीत हो.”

“त्यांना बोलावलंय कुणी?”

मालकांनी बराच वेळ कान खाजवला आणि हो म्हटलं.

फोटो काढायच्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मीही स्टुडिओत गेले. आत्याने त्या दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. नट म्हणाले, “बाई, मी टेकलो तर या पडतील आणि या टेकल्या तर मी.” झुकून बघा, वळून बघा, सगळं करून झालं. फोटो चांगले येत होते, पण दोन प्रतिष्ठित माणसं कुठल्याशा समारंभाला उभी असावीत तसे. आत्याचं तोंड उतरलं. तिने सगळ्यांना चहा सांगितला.

दिव्यांचा प्रकाश काचांवर चमकतो म्हणून नटांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. चहा आला, तेव्हा नटीबाईंनी तो चष्मा उचलला, स्वतःच्या नाकावर चढवला आणि साळसूदपणे कप तोंडाला लावला. नट टेबल चाचपू लागले. बशीखाली बघितलं, खिसे बघितले. बाई समोर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

आत्या फोटोग्राफरला हळूच म्हणाली, “काढ. काही बोलू नकोस, नुसतं काढ.”

तेच पोस्टर झालं. मालकांनी ते हातात घेऊन उलटसुलट फिरवलं.

“आजोबांचा चष्मा हरवलाय. यात प्रेम कुठे आहे?”

“तिच्या नाकावर,” आत्या म्हणाली.

ते पोस्टर तिने नेहमीच्या जागी, कॉलेजच्या भिंतींवर लावू दिलं नाही. औषधांच्या दुकानापाशी, वाचनालयाच्या दारात, बागेतल्या बाकांसमोर लावलं. मान वर करावी लागू नये इतकं खाली. सिनेमाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं होतं, ‘खेळ दुपारचा’.

पहिल्या दुपारी मी बँकेतून निघून थिएटरवर गेले. आत्या आत एका खांबाआड उभी होती. मला बघताच तिने माझं मनगट धरलं.

पायऱ्यांवरून माणसं चढत होती. सावकाश, कठड्याला धरून, एकमेकांना धरून. इस्त्रीचे कपडे, विंचरलेले पांढरे केस. काही जोडीने, काही मैत्रिणींच्या घोळक्याने. एवढी म्हातारी माणसं या शहरात आहेत आणि ती अशी नटतात, हे मला ठाऊकच नव्हतं. दर महिन्याला ती बँकेत माझ्या खिडकीसमोर पेन्शनसाठी उभी असायची, आणि मी त्यांचे चेहरे कधी पाहिलेच नव्हते.

दारातल्या मोठ्या पोस्टरपाशी प्रत्येक जण थांबत होता. एका आजींनी शेजारच्या आजोबांच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला आणि स्वतः घातला. आजोबा म्हणाले, “अगं, दे इकडे, पडेन मी.” मागच्या जोडप्यानेही तेच केलं. मग आणखी एकीने. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याची माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली.

एक गृहस्थ एकटेच आले होते. ते पोस्टरसमोरून हलेनात. आत्या जवळ गेली. “काका, आत जागा आहे हो.”

“आमची ही असंच करायची,” ते म्हणाले.

“चष्मा लपवायच्या?”

“नाही. माझ्या चहात मुद्दाम साखर घालायची नाही. मी ओरडेपर्यंत वाट बघत बसायची.” ते हसले आणि आत गेले.

आत्या त्यांच्यामागून दारापर्यंत गेली.

सिनेमा सुरू झाल्यावर आम्ही दोघी आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. पडद्यावर पहिली गंमत झाली आणि हसू आलं ते जरा उशिराने, कारण ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांना शेजारच्यांनी ती परत सांगितली. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग मधून, मग सगळीकडून. खोकत, धाप लागत, थांबून पुन्हा. तरण्या प्रेक्षकांचं हसणं मी खूप ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. फार दिवस बंद असलेल्या घराच्या खिडक्या एकेक करून उघडाव्यात तसं ते वाढत गेलं.

मी आत्याकडे वळले. ती पडद्याकडे बघतच नव्हती. त्या पांढऱ्या डोक्यांच्या रांगांकडे तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती.