अक्षरं दिसली की घर दाबायचं

फौजेतून सुटून गावात आलेला कुणीही माणूस मेजरच असतो, मग तो हवालदार म्हणून सुटलेला असो नाहीतर भटारखान्यातून. कृष्णात माने सिग्नलमध्ये, वायरलेसवर, बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला, तेव्हा शिराळ्याच्या अलीकडच्या त्याच्या गावात आधीच नऊ मेजर होते. हा दहावा. फरक एवढाच, की बाकीचे नऊ पारावर बसून लढाया सांगायचे, आणि हा घरात बसून वायरी जोडायचा आणि त्या नवांना मनातून गाढव समजायचा.

तसं त्याला कुणाचंच बरं दिसत नसे. सरपंच त्याच्या लेखी अंगठाबहाद्दर, गुरुजी पोपट आणि मोबाईलची दुकानं चालवणारे झाडून सगळे चोर. बायको मुलीच्या कॉलेजापायी सांगलीला खोली घेऊन राहिली होती, आणि तिथं ती सुखात आहे असं डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायका म्हणायच्या. घरात कृष्णात आणि त्याची आई बनुबाई, एवढीच दोन माणसं. बनुबाई अठ्ठ्याहत्तरीची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण माणूस ती ओळखायची, आणि लेकाला तर पुरतं ओळखून होती. "ह्येला देवाच्या मूर्तीतबी खोट घावंल," असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची.

गेल्या वर्षी गावच्या पतसंस्थेला पंचवीस वर्षं झाली. त्या आनंदात संस्थेनं सभासदांना एकेक टॅब वाटला. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात हे खरं, पण ही गाय दावणीला बांधल्या दिवसापासून लाथाच झाडत होती. टॅब चालू केला की जाहिरात, बंद करताना जाहिरात. पडद्याला कुलूप असलं तरी कुलपावर रमीचे पत्ते. त्याखाली पाच मिनिटांत कर्ज देणारी एक हसरी बाई, आणि तिच्या बाजूला टकलावर केस उगवणारं तेल. न मागितलेले खेळ आपोआप येऊन बसायचे. कंपनीच्या निर्लज्जपणाला तोड नव्हती. वस्तू आपल्या घरात, वीज आपली, आणि भिंतीला पोस्टरं मात्र त्यांनी चिकटवायची.

कृष्णातनं तो डबा फेकूनच दिला असता. पण बनुबाईला तो हवा होता, आणि हवा होता तो एकाच कामासाठी. तिचा धाकटा भाऊ हरी विट्याकडचा. सोनारांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं, त्याला गलाई म्हणतात. तिकडची निम्मी गावं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. हरीही पन्नास वर्षांपूर्वी तमिळ मुलखात गेला आणि तिकडचाच झाला. भट्टीच्या घरघरीत बोलून बोलून त्याचा आवाज दांडगा झाला होता. रोज दिवेलागणीला टॅबवर त्याचं तोंड दिसायचं, "आक्का, जेवलीस का?" अशी हाक घरभर घुमायची, आणि मग बहीणभाऊ पाऊणतास काहीबाही बोलत बसायची. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. बनुबाईनं तो लग्नाआधीपासून धरला होता आणि एकदाही मोडला नव्हता. तिच्या दिवसात बाकी काय होतं म्हणा. सकाळी देव आणि संध्याकाळी हरी.

माघात एका दुपारी टॅबनं आपल्या मनानंच अपडेट घेतलं. त्यानंतर हिरवं बटण भलतीकडं गेलं आणि त्याच्या जागी पत्ते आले. संध्याकाळी हरीचा फोन वाजला, म्हातारीनं सवयीनं बोट ठेवलं, आणि समोर एक बाई रमी खेळायला बोलवू लागली. आपण काहीतरी मोडलं असं वाटून बनुबाई हात मांडीवर घेऊन बसली. आईचं ते तोंड बघून कृष्णातचं डोकं सटकलं.

"सिग्नलमदी दुश्मनाचं टेशन बंद पाडाय शिकलोय मी," तो म्हणाला. "ह्या भिकारड्यांस्नी बघतोच."

तीन दिवस तो लॅपटॉपला वायर लावून बसला. टॅबच्या माहितीच्या पानावर सात वेळा टिचक्या मारल्या की त्याची आतली दारं उघडतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या दारानं शिरून त्यानं एकसष्ट निरुपयोगी वस्तू उपटून काढल्या. जाहिराती जिथून यायच्या ती वाट बंद केली. अपडेट घेणारी यंत्रणा तर मुळासकट ठार केली, टॅबची आणि आतल्या ॲप्सचीही. सूचना, इशारे, टिंगटिंग, मामाच्या फोनची घंटी सोडून सगळं बंद. शेवटी पडद्यावर एकच गोष्ट उरली, हरीमामाचा मोठा फोटो. तो दाबला की मामाला फोन. खाली घराचं बटण. ते दाबलं की जे काही चालू असेल ते जागच्या जागी बंद होऊन पुन्हा फोटो. बटण चटकन सापडावं म्हणून त्याच्या खाली, टॅबच्या काठावर, त्यानं बायकोची एक लाल टिकली चिकटवली. काम खरोखर नामी झालं होतं. त्याला शिव्या देणाऱ्यांनीही ते मान्य केलं.

मग आईची कवायत सुरू झाली.

"आये, मामाचं तोंड दिसलं तर बोलायचं. अक्षरं दिसली तर ती जाहिरात. वाचत बसायचं न्हाई."

"मला कुटं वाचाय येतंय?"

"लय झ्याक. वाचणारीच फसत्यात. अक्षरं दिसली की घर दाबायचं. दाब बघू."

म्हातारीनं टिकलीजवळ बोट दाबलं.

"शाब्बास."

आठ दिवस त्यानं हे घोटून घेतलं. मधेच अक्षरांचं एखादं पान उघडून तिच्यापुढं धरायचा, ती झटक्यात घर दाबायची आणि लेकाकडं बघायची. तो शाब्बास म्हणायचा. अख्ख्या गावात ही शाब्बासकी मिळवणारं ते एकच माणूस होतं, आणि तिला ती आवडायची.

बातमी पसरली तशी माणसं आपापले टॅब घेऊन दारात येऊ लागली. कृष्णात त्यांचे टॅब साफ करायचा आणि मालकांनाही साफ करायचा. "ह्ये तुमी सोताच्या हातानं घातलंय का कुत्र्यानं पाय दिला?" असं सरपंचाला विचारलं. अपडेट हा शब्द काढला तर विचारूच नका. "आपडेट म्हंजी चोरानं चोरासाठी ठिवलेली खिडकी. आमच्या आयेच्या टॅबला सा म्हैनं झालं, एकबी आपडेट न्हाई, आन् घड्याळागत चालतोय," असं तो छाती काढून सांगायचा.

स्वतःच्या फोनमध्ये तर त्यानं याहून कडक बंदोबस्त केला होता. अनोळखी नंबर आला तर फोन वाजतच नसे. आणि त्या बंदोबस्तात हरीमामाही सापडला होता. मामाला रोज पहाटे गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि देवांचे फोटो पाठवायची खोड होती. वर फोन करून विचारायचा, "बघितलास का फोटू?" कृष्णातच्या मते रमीवाली बाई आणि मामाची फुलं यांत काडीचा फरक नव्हता. त्यानं मामाला दोन्हीकडून कडी घातली, मेसेजलाही आणि फोनलाही. आईसाठी टॅब आहेच की, असा त्याचा हिशोब.

आषाढ सरत आला आणि मामाचा फोन यायचा थांबला.

"आज हरीचा फोन न्हाई आला," बनुबाई म्हणाली.

"फुलं वाटत बसला आसंल कुटंतरी."

दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मीच फोटू दाबला. तर अक्षरं आली."

"मग काय केलंस?"

"घर दाबलं."

"शाब्बास," कृष्णात म्हणाला. तलाठ्याचा टॅब मांडीवर उघडा होता आणि त्यातली घाण बघून त्याचं पित्त खवळलेलं होतं, म्हणून त्यानं मान वर केली नाही.

असे अकरा दिवस गेले. म्हातारी रोज दिवेलागणीला फोटो दाबायची, अक्षरं यायची, ती घर दाबायची आणि फोटोकडं बघत बसायची. मधल्या काळात कृष्णातच्या फोनवर बाहेरच्या राज्यातल्या एका नंबरचे आठ-दहा फोन येऊन गेलेले दिसले. "कर्जवाली रांड थकत न्हाई," म्हणून त्यानं तेही पुसून टाकले. चतुर्थीचा उपास बनुबाईनं नेहमीसारखा केला. पंचमीला सकाळी नागोबा पुजला, पुरणाची दिंडं उकडली, लेकाला वाढली आणि स्वतः मात्र पान घेतलं नाही.

"हरीचं त्वांड बगून मग सोडीन," ती म्हणाली.

"आये, मामाला तुजी पडल्याली न्हाई. अकरा दिसांत एक फोन न्हाई लावला त्येनं, आन् तू त्येच्यापायी उपाशी?"

ती चुलीकडं गेली. कृष्णात जेवला, दोन दिंडं जास्तच जेवला, आणि हात धुवून बाहेर आला तर सोप्यात गुंडा उभा. गुंडा हा गावातलाच पोरगा, तमिळ मुलखात मामा राहतो तिथंच गलाईला होता, शिराळ्याच्या नागपंचमीसाठी चार दिवस आला होता. काखेत टॅब.

"मेजर, जाहिरातींनी जीव खाल्लाय. तेवढं काढा."

"गुंडा, सोनं गाळतोस आन् असला कचरा इकत घेतोस? भट्टीत घाल ह्येला."

गुंडा हसला. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "आक्कांस्नी सांगितलं का न्हाई अजून?"

"काय सांगायचं?"

"आवं, हरीआण्णांचं. घशात गाठ निघाली नव्हं. आपरेशन झालं, आज चवथा दिस. जीव वाचला, पर आवाज गेला. आवाजाची पेटीच काढली डागदरांनी. त्येच्या आदी आठवडाभर रोज आक्कांस्नी फोन लावत हुतं. लागतच न्हवता. आमी म्हणलं गावाकडं दुसऱ्या कुनाला तरी कळवू, तर न्हाई म्हणलं. आक्काला मीच सांगनार, माज्या आवाजात. आवाज हाय तवर. पोरानं तुमाला बी कितींदा लावला, तुमी काय उचलला न्हाई."

कृष्णात आत गेला. भिंतीला टेकवलेला टॅब उचलला आणि फोटो दाबला. पांढरं पान आलं. त्यावर शुद्ध मराठीत लिहिलं होतं, की हे ॲप फार जुनं झालं आहे, आता चालणार नाही, अपडेट करा. खाली एक हिरवं बटण होतं. अकरा दिवस ते पान त्याच्या आईच्या पुढ्यात रोज येत होतं, आणि ते वाचायचं नाही हे त्यानंच तिला घोटून शिकवलं होतं. त्याआधी इशारेही आले असतील, पण इशाऱ्यांचं तोंड तर त्यानं माघातच बांधलं होतं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. आयुष्यभर तो दुसऱ्यांना गाढव म्हणत आला होता, आणि आता त्याला स्वतःचीच किळस आली.

आपण बंद केलेलं एकेक दार त्यानं पुन्हा उघडलं. सात मिनिटांत अपडेट झालं. मग टॅब वाजू लागला आणि थांबेना. गुलाब, सूर्य, महादेव, पुन्हा गुलाब, आणि त्यांच्या मधेमधे न उचललेले फोन. एकोणीस होते. एकही गुलाब त्याला वाईट दिसला नाही.

"हरीचा आला व्हय रं?" बनुबाई पदराला हात पुसत चुलीपुढून उठून आली.

आत्ता सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षं बर्फात आणि वाळवंटात काढलेल्या त्या माणसाची जीभ उचलेना. "लावतो," एवढंच म्हणून त्यानं फोटो दाबला आणि टॅब तिच्या हातात दिला.

पलीकडं लगेच उचलला. मामा उशीला टेकून बसला होता. गळ्याभोवती पांढरं बांधलेलं, गाल आत गेलेले. बहिणीला बघून त्याचे डोळे भरले आणि तो हसला.

"हरी," म्हातारी म्हणाली. "आरं किती वाळलास. गळ्याला काय झालं? बोल की."

मामानं तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यानं ओठ मिटले, बाजूला हात घालून मुलांची पाटी काढली, मान खाली घालून तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी पाटी पुढं धरली. पाटीनं सगळा पडदा व्यापला. आईच्या खांद्यावरून कृष्णातनं वाचलं. मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, आक्का, आता जेव.

कृष्णातनं हात पुढं केला, पण म्हातारीचं बोट आधीच टिकलीशी पोचलं होतं. पाटी गेली, मामा गेला, आणि पडद्यावर जुना फोटो येऊन बसला.

"जाहिरात हुती," बनुबाई म्हणाली. "हरीच्या मदीच आली मेली." आणि सवयीनं तिनं लेकाकडं बघितलं, तो शाब्बास म्हणेल म्हणून.