मेई आंटीबरोबर चिंगमिंगला

शेजारच्या मेई आंटीनं विचारलं, "शनिवारी मला गाडीनं नेशील? आणि झाडू घे." हे ऐकून माझा नवरा निखिल म्हणाला, "अगं, हिला काहीतरी विकायचंय. इन्शुरन्स, नाहीतर साबण." परदेशात, इथे क्युपर्टिनोत चार वर्षं काढल्यावर गोड बोलणाऱ्यांची धास्ती बसतेच. पण सत्तरीच्या एकट्या बाईला नाही कसं म्हणायचं? निखिलला न घेताच तिच्याबरोबर निघाले.

सकाळी सातला निघालात तर ६८० नंबरच्या हायवेवर ट्रॅफिक लागत नाही. बेनिशियाच्या पुलाचा टोल भरून ८० नंबरचा हायवे धरायचा. पेट्रोल सॅक्रामेंटोतच भरा, पुढे टेकड्यांत महाग आहे. एप्रिलमध्ये त्या टेकड्या हिरव्यागार असतात, पण माझं लक्ष कुठे होतं! आंटी वाटभर चौकशा करत होती. घर घेणार का? आईवडील नाशिकला एकटेच? मी मोजकंच बोलले. मागच्या पिशवीत काय आहे, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

थांबलो ते जुन्या चिनी दफनभूमीपाशी. त्या दिवशी चिंगमिंग होता, पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण. आंटीला वाकवत नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या कबरीवरचं गवत मीच उपटलं, दगड धुतला. पिशवीतून निघाली संत्री, उदबत्त्या, मेलेल्यांसाठी जाळायच्या खोट्या कागदी नोटा आणि तांदळाच्या पिठाचे हिरवे, गारढोण गोळे.

"यात चरबी नाही ना?"

"नाही. लाल बीन्स आहेत. खा."

चव थेट पुरणाची. थंड का, तर त्याची गोष्ट तिनं सांगितली. उपाशी राजपुत्राला एका सेवकानं स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घातलं. राजा झाल्यावर तो त्याला विसरला. आठवण झाली तोवर सेवक आईला घेऊन रानात निघून गेला होता. त्याला बाहेर काढायला राजानं रान पेटवलं. मायलेक जळून गेले. म्हणून त्या दिवशी चूल बंद. पुढे तो दिवस चिंगमिंगमध्येच मिसळला. बोलता बोलता तिनं नोटा पेटवल्या.

"मग या नोटा का जाळताय?"

"नवऱ्याला पैसे पोचवायचा दुसरा रस्ता सापडला नाही," आंटी हसली.

दगडावर नवऱ्याचं नाव सोनेरी होतं. शेजारी लाल अक्षरं.

"ते माझं नाव. जिवंत आहे तोवर लाल. नंतर कुणीतरी सोनेरी रंगवायला हवं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू रंगवशील?"

म्हणजे काम होतंच! चार वर्षं तिनं आमच्या दारात ठेवलेली फळं, आजारपणातलं सूप, सगळं यासाठी? मला रागच आला.

"आंटी, म्हणून आणलंत मला?"

"हो. तू झाडतेस कशी, ते आधी बघायचं होतं."

इतकं सरळ उत्तर आल्यावर मी हो म्हणून बसले.

घरी निखिल वैतागला. "व्हिसा दीड वर्षाचा उरलाय आणि तू असली वचनं देतेस?"

त्याचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आंटीला सगळं सांगितलं. आमचा इथला मुक्काम आमच्या हातात नाही, म्हटलं.

"माझा मुलगा इथेच जन्मला," ती म्हणाली. "त्याच्याकडे इथलाच पासपोर्ट आहे. सहा वर्षांत बापाच्या कबरीवर एकदाही आला नाही."

आणि कागद ओढून माझ्यासाठी कबरीपर्यंतचा नकाशा काढायला बसली.