रताळ्याचे काप

धाटावच्या कंपनीची बस मी खांबच्या नाक्यावर पकडतो. समोरच्या गोठ्यापाशी एक काका रोज सकाळी विळीवर रताळी कापत बसलेले असतात, अगदी वेफरसारखी पातळ. त्या कापांवर ते डब्यातली क्षारांची पावडर भुरभुरतात, हाताने कालवतात आणि घमेलं गाईपुढे सरकवतात. खाताना तिचं नाक पांढरं होतं. मग काका ते लुंगीच्या टोकाने पुसतात.

एकदा बसला उशीर झाला. मी विचारलं, "काका, एवढं बारीक कशाला? तिला दात हायेत की!"

"एकदा अख्खं गिळलंन, नि घशात अडकलं. गुरांचा डॉक्टर येईस्तोवर तिची मान धरून बसलेलो." विळी थांबली. "तुज्या घशात अडकलं तर तू बोंब मारशील. ती कोणाला सांगंल?"

मग हसून त्यांनी एक धुतलेलं रताळं माझ्या हातावर ठेवलं. मी ते तसंच तोंडाला लावणार, तेवढ्यात बस आली. काकांनी रताळं माझ्या हातातून काढून घेतलं आणि विळीवर धरलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. माझे काप होईपर्यंत काकांनी मान वर केली नाही.